नसीमआपांचे पावणेदोन व्होल्ट

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, लातुरात स्वतःहून कूलर बंद करणारं माणूस शहाणं असू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी नांदेडची. उन्हाचं आम्हाला कौतुक नाही, पण त्याच्याशी मुद्दाम भांडण उकरून काढायचीही आमच्याकडे पद्धत नाही. नसीमआपांनी माझ्या लातूरमधल्या पहिल्याच उन्हाळ्यात ते भांडण काढलं आणि मलाही त्यात ओढलं.

मी तेव्हा तिथल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला नुकतीच लागले होते. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. जळकोट, उदगीर, भोकर, कुठून कुठून पोरं-पोरी ट्रंक घेऊन उतरायच्या आणि घरमालक जिन्याखालची जागासुद्धा 'रूम' म्हणून द्यायचे. आमच्या क्लासचे मालक बिराजदार सर. गणित शिकवायचे, तंबाखू खायचे आणि अठ्ठ्याण्णव मार्क मिळवलेल्या पोराला बोलावून विचारायचे की दोन कुठे सांडले. क्लासच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी हातभर अक्षरांत 'शंभरपैकी शंभर' असं रंगवून घेतलं होतं.

वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, कॉम्प्युटरची खोली होती आणि ती खोली म्हणजे आपांचं राज्य होतं. पंचेचाळिशीच्या असतील. ठेंगण्या, चष्म्याला दोरी, आल्या आल्या बुरखा खुंटीला आणि पदर कमरेला. पदवी वगैरे काही नाही. पण क्लासमधल्या आम्हा सगळ्या पदवीधरांचं घोडं जिथे अडायचं तिथे आपांना हाक जायची.

आपा उदगीरच्या. त्यांच्या अब्बांचा स्टॅबिलायझर बनवायचा धंदा होता. आमच्याकडे वीज कधी एकशे साठ व्होल्टनं यायची, कधी दोनशे सत्तरनं, त्यामुळे टीव्ही घेतला की स्टॅबिलायझर घ्यावाच लागे. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरला तांब्याची तार गुंडाळायचं काम घरातल्या बायका करायच्या. नसीम सात वर्षांची असल्यापासून वेढे मोजत होती. त्या मोजण्याची सवय जन्मभर राहिली. आपा काही करत असताना तुम्ही बोलायला गेलात तर त्या एक बोट वर करायच्या, ओठ हलत राहायचे आणि आकडा संपला की बोट खाली करून तुमचं अर्धवट वाक्य जिथे तुटलं तिथूनच उत्तर द्यायच्या. बिराजदार सर एकदा त्या बोटापुढे चार मिनिटं उभे होते. इतका वेळ गप्प उभे राहिलेले सर मी ना आधी पाहिले होते, ना नंतर पाहिले.

अब्बांची एक रीत आपांनी मला ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितली. अब्बा पाचशे वॅट सोसेल असा स्टॅबिलायझर बनवायचे आणि डब्यावर चारशे रंगवायचे. गिऱ्हाईक विचारायचं, शेजारच्या दुकानात पाचशेचा मिळतो, तुमचा चारशेचाच का. अब्बा म्हणायचे, तोच घ्या. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक जळका डबा घेऊन परत अब्बांकडेच यायचं. ही गोष्ट सांगताना आपांचा चेहरा असा काही फुलायचा की मला वाटायचं, गिऱ्हाइकाचा डबा जळाल्याचा इतका आनंद बरा नव्हे.

लग्न होऊन त्या लातुरात आल्या. नवरा, मजीदभाई, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. भूकंपात यांच्या घराची एक भिंत फाटली. जीव वाचले, पण सगळ्या लातुरासारखे तेही कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. त्याच काळात गावात मदतीची कार्यालयं उघडली आणि त्यांत कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटरबरोबर स्टॅबिलायझर आले आणि ते भराभर बिघडू लागले. कुणीतरी आपांचं नाव सांगितलं. आपा डबा दुरुस्त करायला जायच्या आणि दुरुस्त झाल्यावरही तासभर तिथेच रेंगाळायच्या. डब्यातून निघालेली वीज पुढे त्या मशीनमध्ये काय करते, हे बघितल्याशिवाय त्यांना घरी जाववत नसे. कॉम्प्युटर त्या असा मागच्या दारानं शिकल्या.

भूकंपाची आणखी एक आठवण त्यांनी क्लासमध्ये आणून ठेवली होती. त्या दिवसांत लोक फळीवर भांड्यांची उतरंड लावून ठेवायचे, जमीन जरा हलली की भांडी वाजावीत आणि माणसांनी बाहेर पळावं म्हणून. पुढे लोकांनी ती काढून टाकली, आपांनी नाही. कॉम्प्युटरच्या खोक्यावर त्यांनी स्टीलचे दोन पेले एकावर एक पालथे घातले होते. नवीन आलेले मास्तर पाणी प्यायला ते उचलायचे आणि आपांचं बोट वर व्हायचं. त्या म्हणायच्या, जमीन हलो की आतला पंखा, पेल्याला दोन्ही कळतं.

आता कूलरकडे येते. आमच्या सराव परीक्षेला नऊशे मुलं बसायची. उत्तरपत्रिकेवर पेनानं गोल काळे करायचे, मग एकेक पत्रिका स्कॅनरवर ठेवायची आणि आपांच्या मशीननं ते गोल वाचून मार्क द्यायचे. एका पत्रिकेला मिनिटाहून जास्त लागे. रविवारच्या परीक्षेचा निकाल मंगळवारी संध्याकाळी लागायचा. समोरच्या क्लासचा मंगळवारी सकाळीच लागे आणि बिराजदार सरांच्या घशाखाली घास उतरत नसे. नवीन मशीन या वर्षी होणार नव्हतं. सरांनी आपांना विचारलं, हेच मशीन पळत नाही का?

आपा म्हणाल्या, पळेल, पण माझ्या पद्धतीनं.

आमचा प्रोसेसर आठशे मेगाहर्ट्झचा. कंपनीनं आठशे लिहिलं आहे म्हणजे तो आठशेवर हमखास चालणार. त्यापुढे किती चालेल हे ज्याच्या त्याच्या नशिबावर आणि त्याला किती व्होल्टेज देता त्यावर. कंपनीचं व्होल्टेज एक पॉइंट साठ. बाजारातल्या दुकानांत बसणाऱ्या हौशी लोकांचा हिशेब सोपा होता, व्होल्टेज शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवायचं आणि मग वेग ताणायचा. त्यातला एकजण आपांना सांगायला आला होता की त्याचं मशीन बाराशेवर चालतं. आपांनी 'किती दिवस?' एवढंच विचारलं. त्या गृहस्थाला आठवड्यानं नवा प्रोसेसर घ्यावा लागला, असं आपा सांगायच्या. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

आपांनी आधी व्होल्टेजला हातच लावला नाही. एक पॉइंट साठवरच वेग जरा जरा वाढवला. मशीन अडखळलं तेव्हा एक पायरी व्होल्टेज दिलं. एकच. मग पुन्हा वेग. प्रत्येक पायरीला मशीनला तासभर पत्रिका वाचायला जुंपायचं आणि त्याच्या तापमानाचा आकडा वहीत टिपायचा. दोन हद्दी ठरलेल्या होत्या. कंपनीच्या कागदावर जो कमाल आकडा असेल त्याच्या जवळही फिरकायचं नाही, आणि तापमान साठ अंशांवर गेलं की मागे वळायचं. आकड्यावर त्यांचा भरवसा होता, तरी त्या अधूनमधून खोक्याच्या कडेला उलटा हात लावून बघायच्या, आई लेकराच्या कपाळाला लावते तसा.

प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावतात, उष्णता नीट वर चढावी म्हणून. ती आपांनी एका जुन्या चुन्याच्या डबीत भरून ठेवली होती. एकदा सरांनी बोलता बोलता ती डबी उघडली, तंबाखूला बोटभर लावली, मळली आणि तोंडात टाकली. थोड्या वेळानं म्हणाले, "आपा, चुन्याला चव नाही हो." आपांनी त्यांना मोरीकडे पिटाळलं आणि तीन वेळा चूळ भरायला लावली. त्यानंतर डबीवर 'मशीनचा चुना' अशी चिठ्ठी लागली.

हे सगळं त्या करत होत्या मे महिन्यात, दुपारी दोनला, कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. थर्मामीटर धरायला मी. मी म्हटलं, आपा, निदान खिडकी.

"मॅडम, लाईट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालतंय, कूलर न्हाई चालत. त्याची खरी परीक्षा तवाच हाय. आता थंड हवेत पास करून काय करावं?"

मी थर्मामीटर पुन्हा धरला. तीन दुपारी आम्ही दोघी तिथे शिजलो. तिसऱ्या दुपारी मशीन हजारवर, पावणेदोन व्होल्टवर, अठ्ठावन्न अंशांत तासभर बिनचूक चाललं. आठशेचे हजार झाले. सर पेढे घेऊन वर आले. आपांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि मशीन साडेनऊशेवर आणून ठेवलं.

सरांचा चेहरा बघवत नव्हता. हजार झालं होतं ना, त्यांनी विचारलं.

"झालं, म्हनून साडेनऊशे. व्होल्टेज हजाराचं, काम साडेनऊशेचं. पाच टक्के कमी ठिवायचं."

'शंभरपैकी शंभर' रंगवलेल्या इमारतीत हे वाक्य बोलणारी ती एकटीच बाई असेल. अब्बांचा डबा मला तेव्हा पुरता समजला.

याशिवाय आपांचा एक नेम होता. निकालाला बसण्याआधी त्या 'ओळखीचा गठ्ठा' मशीनला द्यायच्या. पन्नास जुन्या पत्रिका, ज्यांचे मार्क आपांनी स्वतःच्या हातानं तपासून कागदावर लिहून ठेवले होते. मशीननं तेच मार्क दिले तर पुढे जायचं. एक मार्क जरी इकडचा तिकडे झाला तर उठायचं. सर म्हणायचे, यात तास वाया जातो. आपा बोट वर करायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या मे अखेरीस स्पेशल बॅचची परीक्षा आली. चाळीस जागा. माझं सगळं लक्ष वंदना नावाच्या मुलीकडे होतं. भोकरकडची, शेतकरी घरातली, वर्गात तोंड न उघडणारी. शंका आली की ती चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलाच्या खणात टाकायची, आणि त्या चिठ्ठ्या वाचताना मलाच पुस्तक उघडावं लागायचं. तिच्या वडिलांनी तिच्याशी करार केला होता. स्पेशल बॅचमध्ये नाव आलं तर लातूरला राहायचं, नाही आलं तर ट्रंक उचलायची, भोकरला परत यायचं आणि लातूरचा नाद सोडायचा. माणूस वाईट नव्हता. एकटी मुलगी परगावी ठेवायला त्याला तेवढं मोठं कारण हवं होतं.

त्याच आठवड्यात आपा भाचीच्या लग्नाला उदगीरला गेल्या. जाताना सगळं समजावून गेल्या आणि मशीनला हात लावू नका असं दोनदा बजावून गेल्या. सरांनी दोन्ही वेळा मान हलवली.

पण निकाल मंगळवारी सकाळी दहाला लावायचा असं सरांच्या डोक्यात बसलं होतं, कारण पालक दहाला येणार होते. सोमवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. फळ्यावर त्यांनी त्रैराशिक मांडलं होतं. हजाराला पावणेदोन व्होल्ट, तर एक हजार साठला किती? उत्तर एक पॉइंट पंच्याऐंशी, आणि जरासं वर. आमच्या बोर्डावरचा शेवटचा आकडा नेमका एक पॉइंट पंच्याऐंशी होता, त्यामुळे सरांना हा शुभशकुनच वाटला. बघा, बरोबर आहे का, म्हणाले. मी गुणाकार तपासला आणि म्हटलं, उत्तर बरोबर आहे.

उत्तर बरोबरच होतं. पण उष्णता त्रैराशिकानं वाढत नाही, व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. हे मी खालच्या वर्गात वर्षातून चार वेळा फळ्यावर लिहिते. त्या सकाळी मला ते आठवलं नाही, याची लाज मला अजून वाटते. सरांनी मशीन त्या आकड्यांवर नेलं आणि ते हँग झालं नाही. हँग होत नाही म्हणजे चालतंय, असं सर म्हणाले आणि मलाही ते पटलं. ओळखीचा गठ्ठा कुणाला आठवला नाही.

मंगळवारी दहाला यादी लागली. चाळिसाव्या मुलाला दोनशेपैकी एकशे बेचाळीस. वंदनाला एकशे तेरा. ती यादीपुढे थोडा वेळ उभी राहिली, माझ्याकडे बघितलं नाही आणि वडिलांबरोबर खोलीवर ट्रंक आणायला गेली. मला वाटलं, पोरगी दडपणानं चुकली. मला वाईट वाटलं आणि मी पुढच्या तासाला वर्गावर गेले, एवढंच माझ्या हातून झालं.

अकराला आपा आल्या. जिना चढतानाच थांबल्या. वरून टिणटिण आवाज येत होता. उष्णता वाढली की जोरात फिरणारा पंखा आत होता आणि खोक्यावरचे पेले एकमेकांवर वाजत होते. आम्ही ते सोमवारपासून ऐकत होतो आणि पेले काढून ठेवावेत की काय, असा विचार करत होतो.

आपांनी खोक्याला उलटा हात लावला आणि लगेच काढला. मग काही न विचारता कूलर बंद केला आणि ओळखीचा गठ्ठा घेतला. पहिल्या वीस पत्रिका बरोबर आल्या. सर म्हणाले, बघा. एकविसाव्या पत्रिकेला बासष्ट ऐवजी एक्केचाळीस आले. पंचविसाव्याला पुन्हा चूक. मशीन अडखळलं नव्हतं, थांबलं नव्हतं, पडद्यावर कसली तक्रार नव्हती. तापलं की ते शांतपणे खोटं बोलत होतं.

लाईट कधी गेली होती, आपांनी विचारलं. सोमवारी दुपारी, दोन तास. त्या दोन तासांत वाचलेल्या नव्वद पत्रिका त्यांनी गठ्ठ्यातून काढल्या. बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा आमच्याकडे होता. तो पत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे. आम्ही तिघे मोजायला बसलो. वंदनाची पत्रिका माझ्या वाट्याला आली. मी दोनदा मोजली. एकशे एकसष्ट.

सर कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, पुढच्या परीक्षेला बघून घेऊ, लागलेली यादी क्लासनं आजवर कधी काढलेली नाही.

आपांनी खुंटीवरचा बुरखा काढला. "फुडच्या परीक्षेला ती पोरगी हितं ऱ्हानार हाय का, सर?"

आपांची नजर फळ्यावरच्या त्रैराशिकाकडे गेली. हे कुणी तपासलं, त्यांनी विचारलं. मी, म्हटलं. सरांकडे त्यांनी जेवढा वेळ बघितलं नव्हतं तेवढा वेळ माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमी तर व्होल्टेजचा वर्ग शिकवता."

मला त्याहून मोठी शिक्षा आजवर कुणी केलेली नाही. मी पत्रिका आणि पुठ्ठा उचलला आणि त्यांच्यामागे निघाले.

भोकरला जायचं तर नांदेडवरून. स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. वंदना खिडकीशी, वडील शेजारी, ट्रंक टपावर. कंडक्टरनं दार ओढलं. मी खिडकीशी जाऊन वडिलांना समजावू लागले, पण ते माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते. यादी बघितली, बाई, आता कशाला. आणि मग गाडीतले सगळे लोक वर बघू लागले. आपा मागच्या शिडीनं टपावर चढल्या होत्या.

कंडक्टर ओरडला, ओ चाची, खाली या. आपांनी बोट वर केलं. त्या ट्रंका मोजत होत्या, वंदनाची कुठली ते शोधत होत्या. सापडली तशी त्यांनी ती कडेला ओढली आणि शिडीवरून खाली सोडायला गेल्या. ती हातातून निसटली आणि एका कोपऱ्यावर दणकन आपटली. वंदनाचे वडील तिथे उतरले. मुलीच्या मार्कांसाठी ते उतरले नव्हते, ट्रंकेसाठी उतरले. पण उतरले.

मी त्याच ट्रंकेवर पत्रिका पसरली, वर पुठ्ठा ठेवला. आपा खाली येऊन धापा टाकत म्हणाल्या, आमचं ऐकू नका, मशीनचं ऐकू नका, तुम्ही सोता मोजा. वडिलांनी बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. पन्नासपर्यंत मनात मोजलं. पुढे कंडक्टर वाकला आणि मोठ्यानं मोजू लागला. शंभरला खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एकशे तेराला मी श्वास धरला, कारण यादीत तेवढेच होते, आणि बोट पुढेच चाललं होतं. एकशे चाळीसच्या पुढे अर्धी गाडी मोजत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एकशे एकसष्टला बोट थांबलं.

वडिलांनी ट्रंकेच्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ट्रंकीला पोचा आला."

"पोचा मी काढून दीन," आपा म्हणाल्या. "पोरगी ठिऊन जा."

वंदना तोवर खाली उतरून ट्रंकेच्या कडीला हात घालून उभी होती. मला तिनं पहिल्यांदा तोंडानं काहीतरी विचारलं. तिला एकशे बाहत्तरावा प्रश्न कसा चुकला ते जाणून घ्यायचं होतं. मी तिथेच, स्टँडवर, हसत सुटले.

आम्ही क्लासवर परतलो तेव्हा यादी भिंतीवर नव्हती. सरांनी ती स्वतः काढली होती आणि बाहेरच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'सकाळची यादी चुकीची होती. चूक माझी आहे.' खाली सही. नव्या मोजणीत तीन मुलं आत आली. आधीच्या यादीतल्या कुणाला बाहेर काढायला सर तयार झाले नाहीत, म्हणून त्या वर्षी स्पेशल बॅच त्रेचाळीसची झाली आणि खालून एक जास्तीचा बाक वर चढवला गेला. मशीन साडेनऊशेवर आणि पावणेदोन व्होल्टवर आलं. तसा आकडा लिहिलेली पट्टी आपांनी खोक्यावर चिकटवली. ओळखीचा गठ्ठा चालू असताना सर आता स्वतः दारात बसायचे आणि कुणाला आत सोडायचे नाहीत. भिंतीवरची हातभर अक्षरं त्यांनी पुसली नाहीत, पण अठ्ठ्याण्णववाल्याला आता पेढा मिळायचा.

वंदनाला वर्षानं इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. निरोप घ्यायला आली तेव्हा हातात तीच ट्रंक, कोपऱ्याला पोचा तसाच. आपा हातोडी घेऊन बसल्या होत्या. वंदना म्हणाली, राहू द्या, आपा, त्यामुळे ट्रंक चटकन ओळखू येते.

मी लातुरात आणखी काही वर्षं राहिले. शेवटच्या वर्षी क्लासनं तीस नवे कॉम्प्युटर घेतले. आता वेग वाढवायची गरजच उरली नाही. ती नवी मशीनं तापली की आपोआप वेग उतरवायची, हे मी आपांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि इतक्या खूश झाल्या की सांगता सोय नाही. म्हणाल्या, त्या कंपनीत आमच्या अब्बांसारखं कोन तरी बसलंय.

मग मला नांदेडला नोकरी मिळाली. निघाले तो महिना मेच होता आणि गाडीची वेळ दुपारची. आपा स्टँडवर सोडायला आल्या. मला त्यांनी त्या दोन पेल्यांपैकी एक दिला आणि एक स्वतःकडे ठेवला. मी रडायच्या बेतात होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या गाडीच्या पुढच्या बाजूला गेल्या होत्या आणि बॉनेटला उलटा हात लावून बघत होत्या.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, काय झालं, भाभी? मजीदभाईंमुळे स्टँडवर सगळे त्यांना ओळखत.

"काय न्हाई. पाच कमी चालवा."

ड्रायव्हरनं मान हलवली. गाडी सुटली तशी मी मागे वळून बघितलं. आपा फलाटाच्या कडेला उन्हात उभ्या होत्या आणि हात जोरजोरात हलवत होत्या. मीही हलवला. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात बॉनेटला पोळला होता आणि त्या तो झटकत होत्या, आणि झटकता झटकता खूप हसत होत्या.